‘आतले शेक दिवाळीनंतर घेतले तर चालतील का?’

पत्र, थोडं आटोपतं करून:

“मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही करमाळा तालुक्यातले. आई ५१ वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर परत अंगावर जायला लागलं, पण चार-पाच महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, स्टेज तीन-बी. सोलापूरला १५ सप्टेंबरपासून शेक (रेडिएशन) चालू आहेत, २५ पैकी १८ झाले. आठवड्याला एक केमो असते. रक्त आठवर आलं म्हणून एक हुकली. आता अंगावर जाणं थांबलंय, दुखणंही कमी आहे. डॉक्टर म्हणतात, हे संपले की चार वेळा आतून शेक द्यायचे. शेजारच्या कॉटवरच्या बाईनं आईला सांगितलं की फार दुखतं आणि पाय बांधून ठेवतात. तेव्हापासून आईचं एकच, ‘मेले तरी चालेल, ते नको.’ भाऊ म्हणतो, बरं वाटतंय ना, दिवाळी होऊ दे, ऊस जाऊ दे, मग बघू. मामा म्हणतात इथलं मशीन जुनं आहे, पुण्या-मुंबईला नव्या मशीनवर पहिल्यापासून घेऊ, एक एकर विकू. मी कुणाचं ऐकू? — एक मुलगी”

तुमच्याकडे दिवस थोडे आहेत, म्हणून आधी उत्तरं सांगते, कारणं मागाहून. आतले शेक सोडायचे नाहीत. दिवाळीनंतरवर ढकलायचेही नाहीत. आणि झालेले शेक पहिल्यापासून परत घेणं कुठल्याच मशीनवर होत नाही, तेव्हा मामांना म्हणावं, एकर आहे तिथे असू द्या.

आता भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा. १५ सप्टेंबरला गोल करा आणि तोच पहिला दिवस धरून ५६ मोजा. ९ नोव्हेंबर येईल. बाहेरचे २५, केमो आणि आतले चारही त्या तारखेच्या आत बसले पाहिजेत. हे आठ आठवड्यांचं गणित माझं नाही, जगभर या आजारात तेच पाळतात. त्यापुढे उपचार लांबले तर दर दिवसागणिक आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्का घसरते, हे गेल्या कित्येक वर्षांच्या नोंदींतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. भाऊ म्हणतो तसं दिवाळी आणि ऊस होईपर्यंत थांबलात, तर डिसेंबर उजाडेल.

भावाला शेतातलं सांगा, लगेच कळेल. आतापर्यंतचे १८ शेक म्हणजे अर्धवट खुरपलेलं रान. वरून स्वच्छ दिसतं. पण या पेशींची खोड अशी, की तीन-चार आठवड्यांचा मारा सोसून ज्या उरतात त्या आधीपेक्षा झपाट्यानं वाढायला लागतात. खुरपं टाकून बांधावर बसण्याची ही वेळच नव्हे. अंगावर जाणं थांबलं ही चांगली खूण आहे, मान्य. पण ती फार लवकर दिसणारी खूण आहे. दहा-पंधरा शेकांत बहुतेकींचं थांबतंच, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर बायका घरी जाऊन बसतात. माझ्या तीस वर्षांत अशा परत न आलेल्या किती आणि सहा महिन्यांनी परत आलेल्या किती, याचा हिशेब मी मांडलेला नाही. मांडवत नाही.

मग आतूनच का? बाहेरून आणखी दहा शेक का नाही देत? हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नातेवाइकानं विचारलाय आणि तो रास्त आहे. बाहेरचा मारा पोटातून आरपार जातो. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, वर आतड्यांची वेटोळी. या सगळ्यांना तो झेपेल इतकाच देता येतो, साधारण ४५ ते ५० ग्रे. ग्रे म्हणजे किरणांचं माप. आईच्या गाठीला मात्र एकूण ८५ च्या आसपास लागतात. मधली तूट बाहेरून भरायला गेलं तर गाठीआधी आतडं जळेल. उरलेले ग्रे गाठीत आतूनच पोचवावे लागतात.

देवघरातल्या निरांजनाजवळ बोट नेऊन बघा. ज्योतीपाशी चटका, वीतभर लांब नुसती ऊब. किरणांचंही तसंच: अंतर दुप्पट झालं की मारा चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा. इरिडियम या किरण सोडणाऱ्या धातूचा तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा गाठीच्या ऐन मध्यात काही मिनिटं ठेवला की गाठीला सगळ्यात जास्त मिळतं आणि दोन-चार सेंटिमीटरवरच्या आतड्याला बरंच कमी. शिवाय गर्भाशय एका जागी थांबत नाही. लघवी तुंबली की ते सरकतं, शौचाला झालं की सरकतं. बाहेरून नेम धरला तर तो हलत्या निशाण्यावर असतो. आतली नळी गर्भाशयातच बसलेली, ते हललं तर तीही बरोबर हलते.

अमेरिकेत मध्यंतरी उलटा प्रयोग आपसूकच होऊन गेला. तिथे १९८८ साली या आजाराच्या ८३ टक्के बायकांना आतले शेक मिळत होते, २००९ पर्यंत ते प्रमाण ५८ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात बाहेरून नेम धरणारी एकाहून एक महागडी यंत्रं आली होती, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवून आतले सोडून देणाऱ्यांची संख्या वाढली होती. नोंदी तपासल्या तेव्हा आतले शेक न मिळालेल्या बायका कमी जगल्या होत्या. मामांना हे जरूर वाचून दाखवा.

आता आईकडे येते, कारण खरा अडसर तिथे आहे. ‘मेले तरी चालेल’ हे वाक्य ऐकून तिच्याशी वाद घालू नका. भांडी घासताना, केस विंचरताना, भाऊ घरात नसताना एवढंच विचारा: भीती दुखण्याची वाटते की लाज वाटते? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आणि सगळं नीट कळल्यावरही ती नको म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे. फक्त तो शेजारच्या कॉटवरच्या गोष्टीवरून ठरू नये.

होतं काय ते सांगते. सकाळी उपाशीपोटी बोलावतात. कमरेतून भूल किंवा झोपेचं इंजेक्शन देतात. बाळंतपणाच्या टेबलावर असतात तसे पाय वर आधाराला ठेवतात. ‘बांधतात’ ते हेच. लघवीची नळी घालतात. मग एक बारीक नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत आणि दोन तिच्या दोन्ही अंगांना (काही ठिकाणी दोन नळ्यांऐवजी कडी असते). त्या हलू नयेत आणि मूत्राशय-गुदाशय जरा लांब सरकावेत म्हणून भोवती गॉजची पट्टी घट्ट ठासतात. तसंच स्कॅनला नेतात. मग संगणकावर आखणी चालते, आणि खरा कंटाळा इथे आहे: दोन-तीन तास कुशीवरही न वळता पडून राहायचं. कंबर धरते. शेवटी नळ्यांना यंत्राच्या तारा जोडतात, सगळे बाहेर जातात, दार लागतं, आणि पाच ते पंधरा मिनिटांत काम होतं. त्या वेळी काहीही जाणवत नाही. भाजत नाही, चटका बसत नाही. आपण त्याला ‘शेक’ म्हणतो, कुणी ‘लाईट’, कुणी ‘करंट’, आणि या शब्दांनीच निम्मी भीती पेरली आहे.

एक बारीक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण वॉर्डात यावरून फार कुजबुज होते. एकीला सहा मिनिटं लागली आणि तिच्यानंतरच्या महिन्यात आलेलीला नऊ, म्हणजे तिचा आजार मोठा असं नव्हे. इरिडियमचा जोर साधारण ७४ दिवसांत निम्मा होतो. तुकडा जुना होत जातो तसा तो जास्त वेळ ठेवावा लागतो, मग तीन-चार महिन्यांनी बदलतात. काही ठिकाणी कोबाल्ट असतो, त्याला निम्मा व्हायला पाच वर्षांवर लागतात. आणि नळ्या काढल्या की आई ‘किरणांची’ राहत नाही. नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

दुखतं का? भूल उतरल्यावर नळ्या आत असेपर्यंत ओटीपोटात कळा येतात आणि गॉज काढताना दुखतं. शेजारची बाई खोटं बोलली नाही. मी नोकरीला लागले त्या रुग्णालयात आम्ही भूल न देता, एक दुखऱ्याची गोळी देऊन हे करायचो. रांग मोठी, भूलतज्ज्ञ मिळायचे नाहीत, आणि ‘बायकांना सोसतं’ असं आम्ही आपल्यालाच समजावलं होतं. एका आजींनी माझ्या मनगटात नखं रुतवली होती, त्याचे वण आठवडाभर होते. त्यानंतरही वर्षभर आम्ही तसंच केलं, हे लिहायला आज लाज वाटते. म्हणून तुम्ही आधीच, स्पष्ट विचारा: भूल कसली देणार? नळ्या आत असताना दुखलं तर काय देणार? गॉज काढायच्या आधी इंजेक्शन मिळेल का? हे विचारण्यात आगाऊपणा नाही. लाजेचं असेल तर टेबलापाशी बाईमाणूस असावी, चादर असावी, आत उगाच येणारे-जाणारे नसावेत, हेही मागता येतं. बहुतेक ठिकाणी नर्सच हे सांभाळते, फक्त कुणीतरी बोलावं लागतं.

मामांच्या ‘नव्या मशीन’कडे वळते. त्यांचं सगळंच चूक नाही. या आजाराच्या रेडिएशनमध्ये गेल्या वीस वर्षांत खरी झेप आली आहे, पण ती त्यांना वाटते तिथे नाही. १९३८ साली मँचेस्टरच्या लोकांनी एक ठरावीक बिंदू कल्पिला, गर्भाशयाच्या तोंडापासून दोन सेंटिमीटर वर आणि दोन सेंटिमीटर बाजूला, आणि डोस त्या बिंदूवर मोजायची पद्धत पडली. पुढे कित्येक दशकं तीच चालली. मीही तशीच शिकले. गाठ लिंबाएवढी असो की आंब्याएवढी, बिंदू तोच. साध्या एक्स-रेवर नळ्या दिसत, गाठ दिसतच नसे. मग व्हिएन्ना आणि युरोपातल्या इतर केंद्रांनी नळ्या आत असतानाच एमआरआय काढायला सुरुवात केली. उरलेली गाठ नेमकी कुठे आहे, ते बघून डोस तिच्या आकाराला बेतायचा. एका बाजूला गाठ पसरलेली असेल तर तिकडे नळ्यांबरोबर बारीक सुयाही घालायच्या. अशा १३४१ बायकांचा एम्ब्रेस नावाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर ९२ टक्के जणींच्या गाठीच्या जागी आजार आटोक्यात होता. आपलं परळचं टाटा रुग्णालयही त्यात होतं. पूर्वीच्या बिंदूवाल्या दिवसांत तीन-बीला असे आकडे आम्ही बघितले नव्हते.

तेव्हा पैसे आणि धावपळ खर्चायचीच असेल, तर ती इथे. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. नळ्या बसवल्यावर एमआरआय किंवा निदान सीटी काढून आखणी होते का? आणि आईची गाठ अजून ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीपर्यंत असेल, तर सुया घालायची सोय आहे का? प्रत्येक वेळी एमआरआय परवडत नाही, हे खरंय. पहिल्या नळ्यांच्या सुमारास एक एमआरआय आणि पुढे सीटी, असंही बरीच केंद्रं भागवतात. सुया लागणार असतील आणि तिथे सोय नसेल, तर फक्त आतल्या शेकांपुरतं दुसरीकडे जाणं शहाणपणाचं. पण तो फोन उद्या सकाळी करायचा, २५ पूर्ण झाल्यावर नव्हे. डॉक्टरांना सांगूनच करा. फाईल, झालेल्या शेकांची आखणी आणि स्कॅनची सीडी त्यांच्याकडूनच मिळते, आणि ओळखीच्या केंद्राला एक फोन त्यांनी केला तर तारीख लवकर लागते.

बाहेरच्या शेकांचं नवं यंत्रही कामाचं आहे, पण वेगळ्या कामाचं. टाटामध्येच शस्त्रक्रिया झालेल्या ३०० बायकांवर पार्सर नावाची चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीनं, निम्म्यांना आतडी चुकवून रोज चित्र बघून देणाऱ्या पद्धतीनं. तीन वर्षांत आतड्यांचा बऱ्यापैकी त्रास पहिल्या गटात ४२ टक्क्यांना, दुसऱ्यात २१ टक्क्यांना. निम्म्यावर आला, हे थोडं नाही. आजार उलटण्यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. उपचार सुरू होण्याआधी तुम्ही विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मिळत असेल तर जरूर घ्या. १८ झाल्यावर उरलेल्या सातांसाठी गाव बदलून, नवी फाईल, नवा स्कॅन, नवी आखणी यात दहा-बारा दिवस घालवायला मी कदापि सांगणार नाही.

हुकलेल्या केमोबद्दल. केमो शेकांसोबत देतात ती गाठ किरणांना जास्त बळी पडावी म्हणून. तीन-बीच्याच ८५० बायकांवर टाटानं हे तपासलंय: नुसत्या रेडिएशननं पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं तर ५४ टक्के. एक हुकली म्हणून हातपाय गाळू नका, पण पुढची हुकू नये म्हणून रक्त बघा. किरणांना काम करायला गाठीत प्राणवायू लागतो, तो रक्तातून जातो. हिमोग्लोबिन आठवर असताना तो पुरेसा पोचत नाही. दहाच्या वर ठेवायचा प्रयत्न बहुतेक डॉक्टर करतात, रक्ताची बाटली चढवावी लागली तर चढवू द्या. खजूर-बीट खायला घाला, पण त्यानं चार दिवसांत दोन अंक चढत नाहीत. मळमळीमुळे पाणी कमी पीत असेल तर ते आधी सांगा, सिस्प्लॅटिन किडनीवर जातं.

तुमचा मोबाईल उघडला की ‘आधी सहा आठवडे केमो, मग शेक’ किंवा महागडं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, असंही दिसेल. दोन्हींचे अभ्यास खरे आहेत आणि निकाल चांगले आहेत. पण ते उपचाराच्या सुरुवातीला ठरवायचे असतात. आईची गाडी त्या फाट्यापुढे गेली आहे, त्यासाठी जीव जाळू नका.

दिवाळीच्या सुट्ट्यांचं मात्र आजच बोलून घ्या. विभाग किती दिवस बंद आहे, आणि बुडालेला शेक शनिवारी किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतरानं दोन देऊन भरून काढतात का, हे विचारा. दसऱ्याचा एक बुडालाच असेल. आतल्यांपैकी पहिला बाहेरचे संपायच्या आधीच बसवता येईल का, तेही विचारा. काही केंद्रं तसं करतात. जनआरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर आतल्या शेकांची मंजुरी वेगळी लागते का, ते आरोग्यमित्राला आत्ताच विचारून ठेवा. कागद अडकला म्हणून आठवडा गेलेला मी बघितलाय. जेऊरहून रेल्वेनं जात असाल तर कॅन्सर पेशंटच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या: स्लीपरला आईचं तिकीट माफ, सोबत्याला पाऊण सवलत.

आई मिश्री लावते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. लावत असेल तर निदान आता बंद. तंबाखू ओढणाऱ्या बायकांना रेडिएशननंतर आतड्यांचे त्रास जास्त होतात, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच.

सगळं संपल्यावर काही महिन्यांनी शौचातून किंवा लघवीतून रक्त दिसलं तर घाबरून परस्पर कुणाकडून दुर्बीण-बायप्सी करून घेऊ नका, आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि एक, जे आई कधीच विचारणार नाही: योनिमार्ग आकसून चिकटतो. त्यासाठी डायलेटर नावाची गुळगुळीत नळी मिळते, साधारण महिन्याभरानं डॉक्टरांनी सांगितलं की वापरायला सुरुवात करायची. ‘या वयात काय करायचंय’ म्हणून ते टाळू नये, पुढची तपासणीसुद्धा त्याच वाटेनं व्हायची असते. नर्सला बाजूला घेऊन तुम्हीच विचारा.

तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. हा आजार आईकडून मुलीकडे येत नाही, तो एचपीव्ही नावाच्या विषाणूनं होतो आणि तो विषाणू फार जणींना कधी ना कधी लागतोच. तुमच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी गावोगाव हिंडून ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांवर बायकांना अभ्यासात घेतलं होतं. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यावर आले. साऱ्या जगानं तो अभ्यास वाचला. करमाळ्यात कुणाला ठाऊक आहे का, कोण जाणे. तिशी ओलांडली असेल तर आईच्या पुढच्या खेपेला स्वतःचीही तपासणी करून घ्या, आणि मामीलाही न्या.

तारीख ठरली की आदल्या दिवशी आईला हलकं जेवण द्या, मऊ भात वगैरे. शौचासाठी औषध देतील ते वेळेवर घ्यायला लावा. लुगडं नको, पुढून उघडणारा गाऊन न्या, आणि कमरेखाली ठेवायला घरची एक छोटी उशी, कारण ते दोन-तीन तास तिला फार जड जातात. मोबाईलमध्ये तिच्या आवडीची भजनं भरून ठेवा. सकाळी चहासुद्धा द्यायचा नाही. ती मागेल.